विमानांतील परिचारिकेचा पोषाख

विमानांत प्रवाशांची विचारपूस करणारी तरुणी आज कोणास नवलाची वाटत नाहीं. परंतु तिच्या अंगावर पहिला पोषाख कोणता चढला आणि कां चढला, ही हकीकत ऐकण्याजोगी आहे.

एलेन चर्च ही अमेरिकेच्या आयोवा संस्थानांत जन्मलेली मुलगी. ती शिक्षणानें परिचारिका होती, आणि विमान चालविण्यासही शिकली होती. १९३० सालीं ती सॅन फ्रान्सिस्को येथें बोइंग एअर ट्रान्स्पोर्ट कंपनीचे अधिकारी स्टीव्ह स्टिम्पसन यांना भेटली. वैमानिकाची जागा स्त्रीस कोण देणार? तेव्हां विमानांत परिचारिका ठेवाव्या, ही कल्पना पुढें आली. एक तरुण स्त्री निर्भयपणें उडते आहे, हें पाहून भ्यालेल्या पुरुषास स्वतःची लाज वाटेल, असा त्यांतील हिशेब! हिशेब व्यापाऱ्याचा खरा, पण तो चुकला नाहीं.

१५ मे १९३० रोजीं एलेन ओकलंडहून शिकागोस निघालेल्या विमानांत कामावर चढली. तिच्यासह आठ जणींची पहिली तुकडी होती. त्यांस गर्द हिरव्या लोकरी कापडाचा कोट व स्कर्ट, त्याच रंगाची टोपी, आणि खांद्यांवरून सोडलेला बिनबाह्यांचा झगा असा पोषाख दिला होता. विमान उडालें कीं तो बदलून परिचारिकेचा वेष करावयाचा. आजाऱ्याच्या उशाशीं दिसणारा तो ओळखीचा वेष म्हणजे औषधावांचून केलेला उपचारच होता.

मला कौतुक वाटतें तें त्या झग्याच्या खिशांचें. त्यांत पाना व पेचकस मावत असे, कारण सैल झालेल्या खुर्च्या जमिनीस घट्ट बसविणें हेंही या मुलींचेंच काम! शिवाय आगगाडीचें वेळापत्रक जवळ बाळगावें लागे. हवा बिघडून विमान वाटेंतच उतरलें, तर प्रवाशांस स्टेशनावर पोंचवावयाचें. सामान उचलणें, प्रसंगीं विमान ढकलून आंत नेणें, हीं कामें निराळींच. एवढ्या श्रमांस पगार महिना १२५ डॉलर. आणि अटी मात्र अशा, कीं मुलगी अविवाहित असावी, उंची ५ फूट ४ इंचांपेक्षां व वजन ११५ पौंडांपेक्षां अधिक नसावें. वधुपरीक्षा बरी म्हणावयाची!

सुमारें दीड वर्षानें मोटारीच्या अपघातांत जखमी झाल्यामुळें एलेनचें हें काम सुटलें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत परिचारिका लष्करास हव्या झाल्या, आणि विमान कंपन्यांनीं परिचारिकेच्या शिक्षणाची अट सोडली. एलेन मात्र सैन्याच्या परिचारिका दलांत शिरली, आणि कॅप्टनच्या गणवेषांत आफ्रिका व इटली येथील जखमी सैनिकांस विमानांतून नेऊं लागली. त्या कामगिरीबद्दल तिला एअर मेडल मिळालें.