शीर्षकाची खूण आणि लहान पडदा : संकेतस्थळाच्या मांडणीचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : मराठी संकेतस्थळे)

प्रस्तावना :

ग्रंथ असो, वृत्तपत्र असो वा महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरील कागद असो, वाचकाची दृष्टी प्रथम शीर्षकावर पडते. छापखान्यात शीर्षकाचा टंक व आकार जुळणीच्या वेळी ठरत असे आणि पृष्ठ छापून झाले की तो निर्णय कायमचा होई. संकेतस्थळाच्या पृष्ठाला मात्र ठराविक मापाचा कागद नाही. तेच पृष्ठ एक वाचक टेबलावरील संगणकावर उघडतो, तर दुसरा तळहातावरील मोबाइलवर. त्यामुळे शीर्षक म्हणजे मजकुरातील त्याचे स्थान की पडद्यावरील त्याचे रूप, हा प्रश्न महाजालाच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा कालक्रमाने मागोवा घेतला असून मराठी संकेतस्थळांवर त्याचा काय परिणाम झाला, याचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) शीर्षकाच्या खुणेचा उगम व विकास अभ्यासणे.
२) मोबाइलस्नेही मांडणीची ऐतिहासिक कारणे शोधणे.
३) देवनागरी शीर्षकांसमोरील विशेष अडचणी स्पष्ट करणे.

शीर्षकाच्या खुणेचा उगम :

मजकुराचे रूप न सांगता त्याची भूमिका सांगणाऱ्या खुणा वापराव्यात, ही कल्पना महाजालापेक्षा जुनी आहे. १९६९ मध्ये आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा खुणांची भाषा विकसित केली. तिच्यातूनच पुढे एसजीएमएल ही भाषा आकारास आली व १९८६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधन संस्थेत दस्तऐवजांसाठी याच पद्धतीच्या खुणा वापरात होत्या. तेथेच टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये महाजालाचा प्रस्ताव मांडला आणि एचटीएमएल भाषा घडविताना त्या प्रचलित खुणांचा आधार घेतला. 'एच-१' ते 'एच-६' या शीर्षकाच्या सहा पातळ्या तिच्या आरंभीच्या रूपातच आढळतात.

या खुणांत अक्षराचा आकार, रंग वा टंक यांचा उल्लेख नव्हता. 'हे मुख्य शीर्षक आहे', 'हे उपशीर्षक आहे', एवढेच त्या सांगत. ते कसे दाखवायचे, हे वाचकाच्या ब्राउझरवर सोपविलेले होते.

रूपाचा आग्रह आणि शैलीपत्रकाचा उदय :

१९९३ चा मोझेक व १९९४ चा नेटस्केप या ब्राउझरांमुळे महाजाल प्रयोगशाळेबाहेर आले. व्यापारी संस्थांना आपले पृष्ठ छापील जाहिरातीसारखे दिसावे असे वाटू लागले. ब्राउझर तयार करणाऱ्या कंपन्यांनी अक्षराचा आकार, रंग व टंक थेट सांगणाऱ्या खुणा रूढ केल्या आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ या आवृत्तीत 'फाँट' या खुणेला मान्यताही मिळाली. परिणामी शीर्षकाची खूण सोडून केवळ ठळक व मोठी अक्षरे वापरण्याची प्रथा पडली. पृष्ठाची रचना अदृश्य तक्त्यांच्या चौकटीत बसविली जाऊ लागली, तर अनेक ठिकाणी शीर्षकाचे चित्रच पृष्ठावर ठेवले जाऊ लागले.

यावरील उपाय ऑक्टोबर १९९४ मध्येच सुचविला गेला होता. सर्नमध्ये कार्यरत असलेल्या होकोन व्हियुम ली यांनी रूपाचे नियम मजकुरापासून वेगळ्या शैलीपत्रकात ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने त्याला आकार आला आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीस वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मान्यता मिळाली. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये 'फाँट' ही खूण टाळण्याजोगी ठरविण्यात आली. मात्र ब्राउझरांतील विसंगतीमुळे शैलीपत्रकाचा वापर मंदगतीने वाढला. २००३ मध्ये डेव्ह शे यांनी सुरू केलेल्या 'सीएसएस झेन गार्डन' या उपक्रमात एकच मजकूर, त्यातील एक अक्षरही न बदलता, अनेक रूपांत सादर झाला. त्यामुळे या पद्धतीची क्षमता सर्वांसमोर आली.

लहान पडद्याचे आगमन :

मोबाइलवर महाजाल पोहोचविण्याचे पहिले प्रयत्न वेगळ्या वाटेने झाले. १९९८ मध्ये आलेल्या वॅप प्रणालीत मोबाइलसाठी स्वतंत्र भाषेत स्वतंत्र पृष्ठे लिहावी लागत. जपानमधील एनटीटी डोकोमो कंपनीने १९९९ मध्ये सुरू केलेली आय-मोड सेवा एचटीएमएलच्या संक्षिप्त रूपावर आधारलेली होती. मे १९९८ च्या सीएसएस २ मध्ये हातात धरावयाच्या साधनांसाठी वेगळे नियम लिहिण्याची सोय होती; परंतु तिचा फारसा उपयोग झाला नाही.

जून २००७ मध्ये आलेल्या आयफोनने पूर्ण पृष्ठ दाखविण्याचा मार्ग स्वीकारला. पृष्ठ ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरून ते ३२० पिक्सेलच्या पडद्यावर आक्रसून दाखविले जाई. ब्राउझरच्या रूढ मापानुसार मुख्य शीर्षक ३२ व मजकूर १६ पिक्सेलचा असतो. आक्रसल्यावर शीर्षक सुमारे १० व मजकूर सुमारे ५ पिक्सेलचा होई. शीर्षक कसेबसे वाचता येई. मजकुरासाठी मात्र पडदा बोटांनी ताणावा लागे. पृष्ठाची रुंदी साधनाच्या रुंदीइतकी मानावी, हे सांगणारी 'व्ह्यूपोर्ट' खूण याच काळात प्रचारात आली.

२५ मे २०१० रोजी ईथन मार्कोट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा लेख प्रसिद्ध केला. लवचीक रकाने, लवचीक चित्रे आणि पडद्याच्या मापानुसार नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरी ही त्यांच्या मांडणीची तीन अंगे होत. मीडिया क्वेरींना जून २०१२ मध्ये मानकाचा दर्जा मिळाला. २१ एप्रिल २०१५ पासून गूगलने मोबाइलवरील शोधात मोबाइलस्नेही पृष्ठांना झुकते माप दिले. स्टॅटकाउंटरच्या आकडेवारीनुसार ऑक्टोबर २०१६ मध्ये मोबाइल व टॅब्लेटवरील वापर ५१.३ टक्के होऊन त्याने जगभरात प्रथमच संगणकावरील वापराला मागे टाकले.

देवनागरी शीर्षकांचा प्रश्न :

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत हा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश झाला असला तरी घरगुती संगणकांवर तिचा आधार उशिरा पोहोचला. 'मंगल' हा टंक विंडोज २००० सोबत आला. तोपर्यंत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले टंक वापरले जात. असा टंक वाचकाच्या साधनावर नसेल तर मजकुराऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. ही अडचण टाळण्यासाठी शीर्षकाचे चित्र करण्याचा मार्ग सोपा वाटे. परंतु चित्रातील शीर्षक लहान पडद्यावर आक्रसते, ओळ मोडून खाली येत नाही, शोधयंत्राला सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या यंत्राला वाचताही येत नाही. याउलट २००३ मध्ये युनिकोडमध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा मजकूर पुढे मोबाइलवर विनासायास वाचता आला.

युनिकोडनंतरही लिपीचे प्रश्न शिल्लक राहिले. शीर्षक उठावदार करण्याच्या अनेक युक्त्या रोमन लिपीसाठी घडलेल्या आहेत. कॅपिटल अक्षरांचा नियम देवनागरीत निरुपयोगी ठरतो. अक्षरांतील अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसू लागतात. ओळींतील अंतर कमी ठेवल्यास वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटी, रफार व अनुस्वारावर आदळतात. मोबाइलवर मोठे शीर्षक दोन-तीन ओळींत मोडत असल्याने हा दोष तेथे अधिक जाणवतो. शिवाय मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. 'शिष्यवृत्तीविषयीची' यासारखा शब्द मोठ्या आकारात अरुंद पडद्याबाहेर जातो.

टंकांच्या बाबतीत परिस्थिती सुधारली. संकेतस्थळाबरोबर टंक पाठविण्याच्या 'वॉफ' या स्वरूपास डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' व 'बलू' हे देवनागरी टंक सर्वांना मुक्तपणे उपलब्ध झाले. त्यामुळे उठावदार मराठी शीर्षकासाठी चित्राची गरज उरली नाही.

निष्कर्ष :

१) शीर्षकाची भूमिका व त्याचे रूप वेगळे ठेवण्याचे तत्त्व मोबाइलपूर्व काळातील असले, तरी त्याची उपयुक्तता लहान पडद्यानेच सिद्ध केली.
२) मोबाइलसाठी वेगळी भाषा व वेगळी पृष्ठे हा मार्ग टिकला नाही, एकाच मजकुराची लवचीक मांडणी टिकली.
३) चित्ररूप व जुन्या टंकांतील मराठी शीर्षके संगणकाच्या काळात सोयीची होती; मोबाइलच्या काळात तीच वाचकाला अडसर ठरली.
४) देवनागरी शीर्षकासाठी ओळींतील पुरेसे अंतर, अखंड शिरोरेषा व पडद्यानुसार बदलणारा आकार आवश्यक आहे.

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील प्रवेशाची वा शिष्यवृत्तीची सूचना अनेक विद्यार्थी केवळ मोबाइलवरच वाचतात. तिचे शीर्षक वाचता न आल्यास सूचना प्रसिद्ध होऊनही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून शीर्षकाच्या मांडणीचा विचार हा सजावटीचा भाग न मानता ज्ञानप्रसाराच्या जबाबदारीचा भाग मानणे उचित ठरेल.