महागाई भत्ता : दान की देणे?

महागाई भत्त्याचा नवा हप्ता जाहीर झाला की वर्तमानपत्रे 'कर्मचाऱ्यांना पगारवाढ' असा मथळा देतात, आणि ज्याला पगार नाही तो शेजारी किंचित असूयेने त्या बातमीकडे पाहतो. आम्हां वकिली पेशातल्या माणसांना हा 'वाढ' शब्द प्रथमपासूनच खटकत आला आहे. एखाद्याने दरमहा शंभर रुपये देण्याच्या बोलीवर माणूस नोकरीस ठेवला, आणि काही काळाने त्या शंभरांत पूर्वीचा ऐंशी रुपयांचाच बाजार येऊ लागला, तर बोलीतला आकडा पाळला गेला हे खरे. पण बोली पाळली गेली काय? उरलेले वीस रुपये मागणारा नोकर नवे काही मागतो आहे की राहिलेले मागतो आहे? आपल्या देशात या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षे भांडण चालले आहे, आणि त्या भांडणाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

मजुरी रोख नव्हती तोवर हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. गावच्या सुतार-लोहाराला बलुते मिळे ते सुगीच्या दिवसांत, खळ्यावर, धान्याच्या रूपाने. बाजारात धारण कितीही चढो, त्याच्या कणगीतली ज्वारी त्यामुळे कमी होत नसे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तिथे वाटा जातीने बांधलेला होता, काम नाकारण्याची सोय नव्हती, आणि दुष्काळात खळेच ओस पडले तर बलुतेदाराने जायचे कुठे? सांगायचे एवढेच की ज्याची मजुरी ज्वारीत मोजली जाते त्याला ज्वारीच्या भावाची चिंता नसते. गिरणीच्या दाराशी पोचलेल्या त्याच्या नातवाला मात्र ती पहिल्या महिन्यापासून जडली.

इंग्रज सरकारला ही गोष्ट समजत नव्हती असे नाही. धान्याचा भाव ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की शिपायांना व कनिष्ठ नोकरांना धान्य-भरपाईचा भत्ता देण्याची त्याची जुनी वहिवाट होती. पण रुपयाची किंमत उतरली म्हणजे ठरलेला पगार अपुरा पडतो, हे तत्त्व अगदी ठसठशीतपणे मान्य झाले ते १८९३ साली, आणि तेही गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत. चांदी घसरल्यामुळे एके काळचा दोन शिलिंगांचा रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला होता. विलायतेत बायकामुलांना पैसे पाठवणाऱ्या साहेबांची त्यामुळे ओढाताण होऊ लागली. तेव्हा सरकारने त्यांच्या अर्ध्या पगारापुरती, एका कमाल मर्यादेत, रुपयाची किंमत दीड शिलिंग धरून हुंडणावळीची भरपाई सुरू केली. पैसा अर्थात हिंदुस्थानच्या तिजोरीतला. एकाही साहेबाने तो भत्ता भिक्षा म्हणून स्वीकारला असेल असे आम्हांस वाटत नाही. करार मोडू नये म्हणून सरकारने केलेली ती दुरुस्ती, अशीच त्यांची समजूत असणार; आणि ती समजूत, साहेबांचीच असली तरी, बरोबर होती.

पुढे पहिल्या महायुद्धात हाच न्याय मागण्याची पाळी अहमदाबादच्या विणकरांवर आली. १९१७ साली शहरात प्लेग पसरला. कामगार गावे गाठू लागले, तेव्हा त्यांनी गिरण्या सोडू नयेत म्हणून मालकांनी 'प्लेग बोनस' सुरू केला. काही ठिकाणी तो मजुरीच्या सत्तर टक्क्यांपर्यंत होता. प्लेग ओसरताच मालकांनी तो बंद करण्याचे ठरवले. मालकांचा युक्तिवाद बिनचूक होता: कारण संपले, बोनस संपला. विणकरांचे उत्तरही तितकेच सरळ होते: प्लेग गेला, पण युद्धामुळे चढलेले भाव कुठे गेले? त्यांनी पन्नास टक्के वाढ मागितली. मालक वीसवर अडले. गांधीजींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब तपासून पस्तीस टक्क्यांची मागणी रास्त ठरवली. २२ फेब्रुवारी १९१८ रोजी टाळेबंदी झाली. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आणि मजुरांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या अनसूयाबेन ही सख्खी भावंडे. १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभले आणि १८ तारखेला तडजोड झाली.

या तडजोडीची कलमे कोणाही वकिलाने मुद्दाम वाचावीत अशी आहेत. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के द्यावे, म्हणजे मजुरांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांचा हट्ट राहिला. तिसऱ्या दिवसापासून पंचाचा निर्णय येईतो साडेसत्तावीस टक्के, म्हणजे दोहोंचा बरोबर मध्य. पंच होते प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव, आणि त्यांनी अखेर निवाडा दिला तो पस्तीस टक्क्यांचाच. दया, उपकार, मालकाची मर्जी हे शब्द बाजूला पडून भाववाढीची भरपाई ही पंचाने हिशेब पाहून ठरवण्याची बाब आहे, हे यातून प्रस्थापित झाले. आमच्या मते उपोषणापेक्षाही या गोष्टीचे मोल अधिक आहे.

हिशेब म्हटला की माप आले. मुंबई सरकारचे लेबर ऑफिस १९२१ साली निघाले, आणि जुलै १९१४चे भाव १०० धरून कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक ते दरमहा प्रसिद्ध करू लागले. दुसरे महायुद्ध सुरू होताच त्या आकड्यांना एकदम धार आली. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी सार्वत्रिक संप केला. त्याच वर्षी जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरांच्या भत्त्याची चौकशी बेनेगल नरसिंग राव यांच्या चौकशी न्यायालयापुढे झाली. तेव्हापासून निर्देशांक हा अर्थशास्त्र्यांच्या कपाटातला विषय राहिला नाही. चाळीतल्या माणसालाही 'पॉइंट' म्हणजे काय हे कळू लागले.

पण माप कोणाच्या हातात? १९६० सालच्या पायावरची नवी मालिका मुंबईत जुन्या १९३३-३४च्या मालिकेशी सांधण्याची वेळ आली, तेव्हा जुना निर्देशांकच खऱ्या महागाईहून कमी दाखवतो, अशी कामगारांनी ओरड केली. महाराष्ट्र सरकारने १९६३ मध्ये प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, आणि समितीला त्या ओरडीत तथ्य आढळले. म्हणजे कामगारांचा भत्ता वेळेवर मिळत होता, नियमाप्रमाणे मिळत होता, आणि तरीही कमी मिळत होता! सांधा जुळवण्याचा हा प्रश्न दर नव्या मालिकेबरोबर पुन्हा उभा राहतो. सप्टेंबर २०२० पासून २०१६ सालाच्या पायावरची मालिका आली, तेव्हा तिचे १०० म्हणजे २००१च्या मालिकेचे २८८, असा गुणक ठरला. गोवा, बेळगाव, इंदूर या केंद्रांतले बाजारभावही या निर्देशांकाच्या हिशेबात जातात. गुणकातला दशांशानंतरचा एक आकडा बदलला तर लाखो घरांच्या जमाखर्चात फरक पडतो, याची जाणीव वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांतही थोड्यांनाच असते.

न्यायालयांनी या हक्काला मान्यता दिली. मात्र हात आखडता ठेवून. कलकत्ता ट्रामवेच्या कारकुनांच्या प्रकरणात १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जेमतेम जीव जगवण्याइतकीच कमाई असणारा अगदी खालच्या थरातला श्रमिक सोडला, तर इतरांची संपूर्ण भरपाई करणे शहाणपणाचे नाही. मध्यमवर्गाच्या बाबतीत तर नाहीच. पुढे 'हिंदुस्तान टाइम्स'च्या खटल्यात त्याच न्यायालयाने भत्ता सामान्यतः निर्देशांकाबरोबर चढावा व उतरावा असे सांगितले, परंतु भरपाई काही अंशाचीच, हे गृहीत कायम ठेवले. भत्त्याने भाव वाढतात आणि भावाने भत्ता, हे दुष्टचक्र थांबवलेच पाहिजे, अशी यामागची विचारसरणी. ती अगदीच पोकळ नव्हे. परंतु या चक्रात भत्ता नेहमी भावाच्या मागून, काही महिने उशिरा येतो. पुढे धावणाऱ्याला सोडून मागच्याचाच पाय धरावा, यातले शहाणपण आम्हांस आजवर उमगलेले नाही. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेटच्या खटल्यात न्यायालयाची दृष्टी अधिक उदार झाली. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी किमान वेतनाचा चौथा हिस्सा धरावा, असे त्या निकालाने सांगितले.

स्वतः सरकार मालक असते तेव्हा हा कायदा किती लवचीक होतो, हेही पाहण्यासारखे आहे. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचारी निर्देशांकाला बांधलेल्या भत्त्यासाठी संपावर गेले. वटहुकूम निघाला, आणि संप पाच दिवसांत मोडला. १९७४ साली तर कायदाच झाला, की वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग कर्मचाऱ्याच्या हाती न देता सक्तीने ठेव म्हणून जमा करावा. चलनवाढ रोखण्याचा भार ज्याची तिने होरपळ होत होती त्याच्याच माथी आला. एप्रिल २०२० मध्ये साथीचे कारण देऊन भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले. जुलै २०२१ मध्ये भत्ता १७ टक्क्यांवरून एकदम २८ टक्क्यांवर नेला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही. संकटकाळी सर्वांनीच सोसावे हे आम्हांस मान्य आहे. मात्र ऋणकोने आपल्या देण्याची मुदत स्वतःच ठरवावी आणि व्याजासकट मुद्दलही स्वतःच माफ करून घ्यावे, याला दिवाणी कोर्टात आम्ही दुसरे नाव देतो.

या सगळ्या लढ्याबाहेर राहिलेल्यांचा आक्षेप मात्र डोळ्यांआड करता येत नाही. शेतमजूर, घरकामाची बाई, दुकानातला पोऱ्या विचारतात, आमचा भत्ता कोठे आहे? १९४८च्या किमान वेतन कायद्यात राहणीखर्चाबरोबर बदलणाऱ्या भत्त्याची सोय होती, २०१९च्या वेतन संहितेतही ती आली. पण कागदावरचा दर आणि हातात पडणारी मजुरी यांची भेट क्वचितच होते. ज्यांना भत्ता मिळतो त्यांचा काढून घ्यावा, असे यावरून सुचवणारे लोक आहेत. त्यांच्या या सूचनेने घरकामाच्या बाईच्या पदरात एक पैही पडत नाही. तिच्याही मजुरीला निर्देशांक जोडला पाहिजे, हे म्हणणे अवघड आहे म्हणून ते टाळले जाते.

आणि ज्यांनी उभी हयात निर्देशांकाच्या छायेत काढली, त्यांचे काय झाले? खाजगी गिरण्या-कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांसाठी १९९५ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे. तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये तिच्याखालील किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये ठरले, आणि पुढली दहा वर्षे उलटली तरी तो आकडा जागचा हलला नाही.