ज्यांच्याजवळ लेखनिक नव्हता

खान्देशच्या सांस्कृतिक इतिहासाची एक ठरलेली यादी आहे. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या वयाच्या कवीला तिथे ‘बालकवी’ हे नाव मिळाले. पुढे जळगावात 1936 साली माधव ज्यूलियन यांच्या, धुळ्यात 1944 साली मामा वरेरकरांच्या आणि अमळनेरला 1952 साली कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलने झाली. यादी खरी आहे आणि अभिमान वाटावा अशीही आहे. पण ती वाचून असा समज होतो की या मुलखात कला म्हणजे मांडव, अध्यक्ष आणि छापील भाषण. बाकीचा समाज नुसता ऐकायला बसलेला. गाणारे, नाचणारे, सोंगे आणणारे लोक खान्देशात कधीच कमी नव्हते. कमी होती ती त्यांचे टिपून घेणारी माणसे. ज्यांच्याजवळ लेखनिक होता त्यांची कला इतिहासात गेली. ज्यांच्याजवळ नव्हता त्यांनी वर्षातला एक दिवस आणि एक जागा धरून ठेवली, आणि तोच आपला दफ्तरखाना केला, असे माझे म्हणणे आहे.

लेखनिकाने काय फरक पडतो हे दोन उदाहरणांत दिसते. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ऐकणाऱ्या कैद्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकी सोडून ते सत्याग्रहात उतरले होते. विनोबा बोलत गेले, गुरुजी लिहीत गेले आणि ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ उभा राहिला. त्याच काळात जळगावात बहिणाबाई चौधरी घरकामात, शेतकामात गाणी रचत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. 1936 चे संमेलन त्यांच्याच गावात भरले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्या मांडवाला त्यांच्या गाण्यांची दखल नव्हती. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, म्हणून उतरवून ठेवलेली गाणी आचार्य अत्र्यांपर्यंत पोहोचली आणि 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. दोन्ही कृती तोंडी होत्या. एकीला बोलल्या क्षणी लेखणी मिळाली, दुसरीला कवयित्री हयात असेतो छापखाना दिसला नाही. आणि ज्या बायांच्या घरी कवी मुलगा जन्मला नाही, त्यांच्या गाण्यांचे काय झाले, हा प्रश्न बहिणाबाईंच्या कौतुकात आपण सोयीने बाजूला ठेवतो.

धुळ्याला तर इतिहासाचे माहेरघर म्हणावे असा वारसा आहे. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या संग्रहाभोवती पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. गावोगावी पायपीट करून, माळ्यावरची दफ्तरे उतरवून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड सिद्ध केले. त्या कष्टांना तोड नाही. पण कागद जिथे होते तिथूनच ते येणार, आणि कागद होते देशमुख-देशपांड्यांच्या, कुळकर्ण्यांच्या, इनामदारांच्या वाड्यांत. त्या दफ्तरांत महार, मांग, भिल्ल येतात ते बलुते घेणारे, वेठ करणारे, नाहीतर बंडखोर म्हणून. स्वतःबद्दल ते काय म्हणत आणि कशावर गाणी रचत, हे तिथे सापडत नाही. हा राजवाड्यांचा दोष नव्हे, साधनाची मर्यादा आहे. मर्यादा ओळखली की दुसरे साधन शोधावे लागते.

ते साधन धुळ्याच्या वेशीबाहेरच आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावर, लळिंगच्या किल्ल्याजवळच्या कुरणात लांडोर बंगला आहे. 31 जुलै 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले होते आणि या बंगल्यावर त्यांचा मुक्काम झाला. वकिलाचा एक मुक्काम, एवढीच ती घटना. सरकारी लेखी तिचे वजन शून्य. पण दरवर्षी 31 जुलैला इथे भीमस्मृती यात्रा भरते, खान्देशभरातून लोक येतात, गायनपार्ट्या भीमगीते सादर करतात. यात्रा हा खान्देशचा जुनाच साचा. देवाच्या नावाने भरणाऱ्या यात्रांना इथे तोटा नाही. आंबेडकरी समाजाने तो साचा घेतला, देवाच्या जागी एका माणसाच्या वास्तव्याची तारीख ठेवली आणि नवसाच्या जागी गाणे. दफ्तरात जी नोंद फार तर एका ओळीची झाली असती, ती अशी हजारो लोकांच्या तोंडी राहिली.

या गाण्यामागे मोठी परंपरा आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेऊन त्यातून भटशाही नि सावकारी यांच्यावर कोरडे ओढले. शेजारच्या नाशिकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसा उभा केला. गणपतीला आळवणारा गण आणि कृष्णाची गवळण त्यांनी सोडली. बतावणीत शिक्षण, अस्पृश्यता, गावकीची कामे हे विषय आले. वग ऐकून माणूस घरी जाताना सभेतला ठरावही सोबत नेत असे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक हे पुढच्या पिढीचे. प्रौढ वयात अक्षर शिकले आणि हजारो गाणी रचून गावोगाव गात फिरले. भीमराव कर्डकांनी अखेर 1978 साली आंबेडकरी जलशांवर स्वतःच पुस्तक लिहिले. टिपून घेणारा बाहेरून आला नाही, तेव्हा गाणाऱ्यानेच लेखणी उचलली.

जगात इतरत्रही हेच घडले आहे. आंबेडकरांनी 1946 साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नोंदवले होते, आणि 1972 साली मुंबईत निघालेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. पण लांडोर बंगल्याला जवळचे उदाहरण लंडनचे. 1958 साली नॉटिंग हिल भागात कॅरिबियन बेटांतून आलेल्या लोकांवर जमावाने हल्ले केले. उत्तर म्हणून त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार क्लॉडिया जोन्स यांनी जानेवारी 1959 मध्ये सेंट पँक्रसच्या नगरभवनात कार्निव्हल भरवला. उत्पन्नातला काही भाग दंगलीत पकडलेल्या तरुणांचे दंड भरण्यासाठी ठेवला होता. 1966 पासून नॉटिंग हिलच्या रस्त्यावरच हा उत्सव होऊ लागला. आपल्याकडे सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत पोटासाठी गेलेले खान्देशी लोक श्रावणात कानबाई देवी बसवतात. गावी कानबाईचे रोट म्हणजे भाऊबंदांची खाजगी गोष्ट. परमुलखात तोच सण अहिराणी बोलणाऱ्यांना एकमेकांशी बांधणारा मेळावा होतो. कारणे वेगळी, छळाची धार वेगळी, पण उपाय एकच: तारीख धरा, जमा आणि गा.

यावर पहिला आक्षेप इतिहासकाराचा. यात्रेतल्या आठवणीत भर पडत जाते, तारखा सरकतात, एका भेटीच्या चार भेटी होतात. अशा साधनावर विसंबावे कसे? आक्षेप रास्त आहे. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सर्वत्र सांगतात. त्याचा नेमका प्रसंग सांगणारे मात्र वेगवेगळे सांगतात. पण राजवाड्यांनीच शिकवले की बखरीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, ती अस्सल पत्रांशी ताडून पाहावी. म्हणून बखर कोणी जाळली नाही. यात्रेतले गाणेही असेच ताडावे. घटना काय झाली हे ते कधी चुकीचे सांगेल; पण लोकांना त्या घटनेतले काय जपावेसे वाटले, याचा त्याच्याइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

दुसरा आक्षेप, हा प्रचार आहे, कला नव्हे. असे म्हणणाऱ्यांनी शाहिरी पोवाड्यांकडे आणि संतांच्या भारुडांकडे पाहावे. प्रचार असूनही ती टिकली, कारण चाल आणि शब्द टिकाऊ होते. जलशाला कसोटी लावायची तर हीच लावावी. आज डीजेच्या भिंतींखाली गाण्याचा शब्द बुडतो ही तक्रारही खरी आहे, पण ती गणेशोत्सवालाही तितकीच लागू आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. प्रत्येकाने आपापला मंच मांडला तर समाजाचा एक मंच उरणार कुठे? याला उत्तर खान्देशातच आहे. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता नेमका हाच प्रश्न उलटा करते: तो एक मंच होता तेव्हा आम्ही खाली बसलो होतो आणि आमचे दुःख वरचे लोक आम्हालाच सांगत होते. ते ज्या आदिवासी एकता परिषदेत वावरले, तिचा सांस्कृतिक मेळावा दरवर्षी जानेवारीच्या मध्याला भरतो. पुन्हा तीच रीत, ठरलेली तारीख. आणि वेगळ्या मंचांनी सामाईक मंच मोडला का? 1984 साली जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष शंकरराव खरात होते, ‘तराळ अंतराळ’ हे आत्मचरित्र लिहिणारे, तराळकी करणाऱ्या घरात जन्मलेले. 1936 चा मांडव आणि 1984 चा मांडव यांच्यामध्ये जलसे, पँथर आणि दलित साहित्याची स्वतंत्र व्यासपीठे आहेत. ती नसती तर हा बदल कोणी घडवला असता, हे सांगणे अवघड आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरात 97 वे साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन एकाच वेळी भरली. गावाचे काही बिघडले नाही. वाचकाला दोन्हीकडे जाता आले.

तेव्हा खान्देशचा सांस्कृतिक इतिहास लिहायचा तर अध्यक्षांच्या यादीसोबत तारखांची दुसरी यादी लागेल, आणि ती कपाटात बसून होणार नाही. गायनपार्ट्यांच्या वह्या, हस्तपत्रके, ध्वनिफिती, कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बायांचे पाठांतर हे सारे आजही घरोघर आहे. धुळ्याला राजवाड्यांचे मंडळ आहे, जळगावला बहिणाबाईंच्या नावाचे विद्यापीठ आहे. या दोन संस्थांनी 31 जुलैला लळिंगला माणूस पाठवावा, आणि तो शक्यतो त्या गाणाऱ्यांच्याच वस्तीत वाढलेला असावा. सोपानदेवांनी मुलगा म्हणून जे केले ते संस्थेने कर्तव्य म्हणून करायला काय हरकत आहे? कला जगायला घरात कवी जन्मावा लागतो, ही अट आता तरी उरू नये.