शिशाचे शिपाई आणि वॉटर्लूची प्रतिकृति

दिवाळी जवळ आली म्हणजे महाराष्ट्रांतील मुलें अंगणांत दगड, विटा आणि चिखल जमवून किल्ला उभारूं लागतात. चिखलावर अळीव पेरले कीं चार दिवसांत त्यांचें रान होतें. आरशाच्या तुकड्याचें तळें होतें. बालेकिल्ल्यावर मातीचे शिवाजी महाराज विराजमान होतात आणि तटावर रंगविलेले मावळे पहारा देऊं लागतात. या किल्ल्यांत एक गोष्ट मला लहानपणीं नेहमीं खटकत असे. ज्या महाद्वारांतून महाराजांनीं आंत यावयाचें, तें त्यांच्या गुडघ्याइतकेंहि उंच नसे! ही शंका मीं थोरल्या बंधूंपाशीं काढली, तेव्हां "दार महाराजांएवढें केलें तर किल्ला अंगणांत मावेल काय?" असें म्हणून त्यांनीं मला पुन्हां चिखल कालवावयास बसविलें. श्रोतेहो, माझ्या बंधूंनीं एका वाक्यांत निकालांत काढलेल्या या प्रश्नाशीं युरोपांतील हौशी मंडळी आणि प्रत्यक्ष सेनाधिकारी आज दोनशें वर्षें झुंजत आले आहेत. त्यांपैकीं एकाची कथा आज सांगावयाची आहे.

इंग्लंड-अमेरिकेंत, आणि इतरत्रहि, युद्धखेळाचीं मंडळें आहेत. तेथील सभासद एखाद्या संध्याकाळीं जमतात, मोठ्या मेजावर टेंकड्या, ओढे, शेतें आणि खेडीं मांडतात, व बोटाच्या पेराएवढ्या शिपायांच्या पलटणी समोरासमोर उभ्या करून, फांसे टाकून आणि पट्टीनें अंतरें मोजून, जुन्या लढाया पुन्हां लढतात. लढाई एका संध्याकाळची. तयारी मात्र महिनेच्या महिने चालते. शिपायास प्रथम एकच सपाट रंग देतात. मग डगला, पट्टे, पिशवी, बंदूक यांवर ज्याचे त्याचे रंग चढतात. त्यावरून पातळ काळसर रंगाचा हात फिरविला कीं तो वस्त्राच्या चुण्यांत जाऊन बसतो. आणि शेवटीं जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें उंचवट्यांवर फिका रंग ओढतात. खरें पाहतां इतक्या लहान देहावर ऊन-सावलीचा खेळ दिसतच नाहीं. म्हणून सावली रंगवून दाखवावी लागते; न रंगविली तर शिपाई निर्जीव दिसतो. जमिनीचीहि तीच गोष्ट. थर्माकोलचे थर नकाशांतील उंचीच्या रेषांप्रमाणें कापून एकावर एक चिकटविले, त्यांवर डिंक आणि वाळू पसरली, कीं टेंकडी तयार होते. तारेस पीळ देऊन झाड होतें. वार्निशाचे थर देऊन नदी होते. परंतु सहाशें लोकांची पलटण मांडावयाची तर तीस मूर्ती उभ्या करतात, आणि पन्नास घरांच्या गांवाकरितां दोन-तीन घरें. म्हणजे एक मूर्ति वीस जणांची, आणि एक घर अख्ख्या आळीचें! या सोयीवर कोणी हंसत नाहीं, कारण तिच्यावांचून खेळच होत नाहीं.

या खेळाचें मूळ प्रशियांत सांपडतें. १८१२ सालीं बॅरन फॉन राइसविट्झ या मुलकी अधिकाऱ्यानें राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास एक मेज नजर केलें. त्याबरोबर प्लॅस्टरच्या रंगविलेल्या चौकोनी फरशा होत्या. कोणावर नदी, कोणावर रस्ता, कोणावर टेंकडीचा उतार. त्या हव्या तशा जुळविल्या कीं नवा मुलूख तयार. १८२४ सालीं त्याच्या तोफखान्यांतील मुलानें प्लॅस्टर टाकून देऊन कागदी नकाशा स्वीकारला, आणि तेव्हांचा सेनाध्यक्ष जनरल म्युफ्लिंग यानें तो खेळ सर्व सैन्यास शिफारशीनें पाठविला. लष्करानें कागद घेतला. चिखल-प्लॅस्टर हौशी लोकांकडे राहिलें. १९१३ सालीं एच्. जी. वेल्स या प्रसिद्ध कादंबरीकारानें 'लिटल वॉर्स' हें पुस्तक लिहून दिवाणखान्याच्या जमिनीवर शिशाचे शिपाई लढविण्याचे नियम सांगितले, तेव्हां या हौसेस घरोघर वाट मिळाली. म्युफ्लिंगचें नांव मात्र ध्यानांत ठेवावें. वॉटर्लूच्या दिवशीं हाच गृहस्थ प्रशियन सेनेचा प्रतिनिधि म्हणून वेलिंग्टनच्या जवळ होता.

हा वेलिंग्टन आपणांस परका नव्हे. सप्टेंबर १८०३ मध्यें असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांशीं लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. १८ जून १८१५ रोजीं बेल्जममध्यें वॉटर्लूच्या दक्षिणेस एका लांबट टेंकाडावर तो इंग्रज, डच आणि जर्मन पलटणी घेऊन उभा राहिला, व नेपोलियन दिवसभर त्यावर आदळत राहिला. दुपार कलल्यावर पूर्वेकडून ब्ल्यूखरचे प्रशियन येऊन पोंचले आणि फ्रेंचांच्या उजव्या बगलेमागें प्लांसन्वा गांवीं हातघाईची लढाई जुंपली. संध्याकाळीं सातच्या सुमारास नेपोलियननें आपले निवडक रक्षक-सैनिक वेलिंग्टनवर सोडले. ते मागें हटले आणि सर्व फ्रेंच सेना मोडली. जय झाला हें सर्वांस मान्य. तो कोणाच्या वांट्यास किती, हा वाद त्या रात्रीपासूनचा आहे.

विल्यम सिबोर्न याचा जन्म १७९७ चा. लढाईंत तो नव्हता. लढाईनंतर फ्रान्समध्यें ठेवलेल्या सैन्यांत तो दाखल झाला. भूमापन आणि नकाशे काढणें यांत त्याचा हातखंडा असून त्यावर त्यानें ग्रंथहि लिहिले होते. १८३० सालीं सरसेनापति लॉर्ड हिल यांनीं वॉटर्लूची एक भव्य प्रतिकृति तयार करण्याचें काम त्याजकडे सोंपविलें. त्या वेळीं तो साधा लेफ्टनंट होता. रणांगणाच्या मध्यावर ला-हे-सांत नांवाची वाडी आहे. लढाईंत ती रक्तानें भिजली होती. तेथें आठ महिने मुक्काम करून सिबोर्ननें बांध, वाटा, उतार, खोलगट असे सर्व मोजून काढलें. एक अडचण मोठी विचित्र होती. मधल्या काळांत डच सरकारनें तेथें सिंहाचें स्मारक म्हणून मातीचा एक उत्तुंग ढीग उभारला होता, आणि त्याकरितां लागलेली माती वेलिंग्टन ज्यावर उभा राहिला त्याच टेंकाडाची! स्मारकानें स्मरणीय जागाच खाऊन टाकली म्हणावयाची. सिबोर्नला तें नाहींसें झालेलें टेंकाड पुन्हां रचावें लागलें.

भूमि झाली, आतां माणसें. प्रतिकृतींत एकच क्षण दाखवितां येतो. सिबोर्ननें संध्याकाळचे सात निवडले. हयात असलेल्या अधिकाऱ्यांस त्यानें छापील पत्रें धाडलीं : सातच्या सुमारास आपली पलटण कोठें होती, कोणत्या रचनेंत होती, समोर शत्रु कसा होता, शेतांत पीक कोणतें होतें? सुमारें ७०० उत्तरें आलीं. एका लढाईच्या साक्षींचा एवढा संग्रह त्यापूर्वीं कोणीं केलेला ऐकिवांत नाहीं. बर्लिनहूनहि त्यानें प्रशियन सेनेची माहिती आणविली. फ्रेंचांकडून फारच थोडी मिळाली. उत्तरें एकमेकांशीं जुळत ना. जुळणार तरी कशीं? वीस वर्षें लोटलेलीं, धुरानें दहा पावलांपलीकडचें दिसलें नव्हतें, आणि १८१५ सालीं दोघांचीं घड्याळें एक वेळ दाखवीत असतीलच असें नव्हतें. सात कोणाच्या घड्याळांत?

या ठिकाणीं प्रतिकृति करणाराचें दुःख इतिहासलेखकाहून निराळें आहे. लेखकास "कोणी म्हणतात असें, कोणी म्हणतात तसें" असें लिहून पुढें जातां येतें. शिशाचा शिपाई मात्र कोठें तरी उभा करावाच लागतो, आणि किती उभे करावयाचे तेंहि ठरवावें लागतें. एकदां खळ लावून चिकटविला कीं ती साक्ष झाली.

मूर्तींची संख्या ७०,००० हून अधिक. त्या कथील-शिशाच्या, सुमारें एक सेंटिमीटर उंच, आणि प्रत्येक साधारण दोन माणसांच्या जागीं. प्रतिकृतीचा विस्तार सुमारें ४०० चौरस फूट. जमिनीचें प्रमाण एका मैलास नऊ फूट. हिशेब करून पाहावा : या प्रमाणांत माणूस तीन मिलिमीटरचा व्हावयास हवा. म्हणजे येथेंहि महाराज दारापेक्षां मोठेच! तीन मिलिमीटरच्या शिपायाचा डगला लाल कीं निळा हें चार फुटांवरून कोणास कळणार? आणि तें कळावें यासाठींच तर सारा खटाटोप होता.

१८३३ सालीं नव्या मंत्रिमंडळानें पैसे देण्याचें नाकारलें. काम अर्धवट, कारागीर डब्लिनमध्यें राबताहेत, आणि देणें वाढत आहे. सिबोर्ननें कर्ज काढलें, अधिकाऱ्यांकडे वर्गणी मागितली. ज्यांनीं पैसे दिले त्यांच्या पलटणींस बरी जागा मिळाली असा आक्षेप पुढें काहींनीं घेतला आहे. परंतु पैशासाठीं सत्य विकणारा मनुष्य पुढें जें घडलें तें अंगावर ओढवून घेताना, असें मला वाटत नाहीं.

घडलें तें असें. बर्लिनच्या माहितीवरून त्यानें प्लांसन्वाच्या बाजूस हजारों प्रशियन मांडण्याचें ठरविलें. आराखडा लंडनला गेला. लष्करी चिटणीस लॉर्ड फिट्झरॉय समरसेट (वॉटर्लूलाच ज्याचा उजवा हात तुटला तो) यानें तो ड्यूकला दाखविला. ड्यूकचें म्हणणें असें पडलें कीं, निरनिराळ्या वेळच्या गोष्टी एका क्षणीं आणून बसविल्या आहेत, प्रशियन फार पुढें आणि फार ठळक दिसतात, आणि पाहणारा चुकीचा समज करून घेईल. न्यायानें बोलावयाचें तर या म्हणण्यांत तथ्यांश होता. एका क्षणाच्या प्रतिकृतींत हा दोष अटळ आहे. शिवाय लढाईच्या दुसऱ्याच दिवशींच्या खलित्यांत वेलिंग्टननें प्रशियनांच्या मदतीचा गौरवानें उल्लेख केला होता. पण खलित्यांतलें एक वाक्य वेगळें, आणि मेजाचा एक संबंध कोपरा निळ्या-काळ्या डगल्यांनीं भरून गेलेला पाहणें वेगळें. वाचणारास जें सांगावें लागतें, तें येथें दारांतून आंत पाऊल टाकतांच दिसे.

सिबोर्न कनिष्ठ अधिकारी. ज्यांच्या हातीं त्याची बढती होती आणि खर्चाची भरपाई होती, त्यांनींच ही सूचना केलेली. तरी त्यानें बर्लिनचा पुरावा पुढें करून मूर्ती ठेवल्या. १८३८ सालीं लंडनमध्यें पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्यें प्रतिकृति मांडण्यांत आली. सुमारें १,००,००० लोकांनीं ती पाहिली असें सांगतात. खर्च ३,००० पौंडांच्या घरांत गेला होता. तिकिटांचा पैसा मात्र त्याच्या हातीं पडला नाहीं.

पुढें त्याचा धीर सुटला, कीं मत पालटलें? १८४४ सालीं त्यानें या युद्धाचा दोन भागांत इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्या सुमारास प्रशियनांची जागा आपण चुकीची दाखविली होती असें म्हणून प्रतिकृतींतील पुष्कळ प्रशियन काढून टाकले. अलीकडील संशोधकांत यावर कडाक्याचा वाद झाला आहे. एक पक्ष म्हणतो कीं दडपणाखालीं त्यानें सत्याचा बळी दिला, दुसरा म्हणतो कीं नव्या पुराव्यानें त्यानें प्रामाणिकपणें दुरुस्ती केली. मला वाटतें, दहा वर्षें कर्जांत बुडालेल्या मनुष्याच्या मनांत या दोन गोष्टी निरनिराळ्या खणांत राहिल्या नसाव्या. ती प्रतिकृति आज लंडनमधील चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्यूझियममध्यें आहे. युद्धखेळाच्या मंडळांत वॉटर्लू मांडावयास घेतली कीं सातच्या सुमारास प्लांसन्वापाशीं किती प्रशियन ठेवावयाचे, यावर अजून वाद होतो; आणि दोन्ही पक्ष सिबोर्नच्याच पत्रांचा आधार देतात. त्या पत्रांपैकीं निवडक त्याच्या मुलानें १८९१ सालीं छापलीं. गाळलेल्यांपैकीं पुष्कळ २००४ सालीं प्रसिद्ध झालीं.

सिबोर्न १८४९ सालीं वारला. अखेरचीं वर्षें तो चेल्सी येथेंच, शिपायांच्या मुलांसाठीं असलेल्या लष्करी संस्थेंत चिटणीस होता. मोठी प्रतिकृति त्याच्या हयातींत सरकारनें घेतली नाहीं. मृत्यूनंतर युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशननें ती वर्गणी जमवून विकत घेतली.

त्यानें आणखी एक प्रतिकृति केली होती, १८४४ चीच, लहान क्षेत्राची पण मोठ्या प्रमाणाची. मूर्ती आणि जमीन यांचा मेळ तींत पुष्कळ अधिक जमलेला आहे. ती हल्लीं लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयांत आहे. तींत इंग्रज घोडदळाचा हल्ला दाखविला आहे. वेळ दुपारीं दोनच्या सुमाराची, म्हणजे एकहि प्रशियन अद्याप रणांगणावर येऊन लढूं लागण्यापूर्वींची.