दस्तऐवज-अधिप्रमाणन, परदेशीय
एका राष्ट्रात दिलेला सार्वजनिक दस्तऐवज दुसऱ्या राष्ट्रात कायद्याने ग्राह्य व्हावा, यासाठी त्यावरील सही व मुद्रा प्रमाणित करण्याची पद्धती. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (स्थापना १९२०) वरळीस बांधलेल्या १२१ बीडीडी चाळींतील रहिवाशाचे उदाहरण घेता येईल. त्याचा जन्मदाखला महानगरपालिकेचा. परदेशी नोकरीसाठी त्यावर प्रथम राज्य शासनाचे, मग परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाचे व शेवटी संबंधित दूतावासाचे प्रमाणन लागे. प्रत्येक कार्यालय आधीच्या कार्यालयाची सही तेवढी ओळखते.

दूतावासाचा हा शेवटचा, बहुधा खर्चिक टप्पा हेग येथील ५ ऑक्टोबर १९६१ च्या कराराने सदस्य राष्ट्रांपुरता वगळला. त्याऐवजी ‘अपोस्टिल’ हे एकच प्रमाणपत्र पुरते. भारतात करार १४ जुलै २००५ पासून अंमलात आला. सौदी अरेबियात मात्र तो ७ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला. तेथे जाणाऱ्या मराठी कामगारास तोवर जुनीच वाट होती.

अपोस्टिल सहीची, सही करणाऱ्याच्या अधिकाराची व मुद्रेची ग्वाही देते, मजकुराच्या खरेपणाची नव्हे. लोकसमजूत अनेकदा याच्या उलट असते. जन्मदाखला व पारपत्र यांतील नावांत तफावत असल्यास अपोस्टिलने ती मिटत नाही. दाखल्यात चूक असेल, तर ती जन्मनोंदवहीतच दुरुस्त करून घ्यावी लागते.