शंभर गुंठ्यांचं पाऊल

‘पर्यावरणीय पाऊलखूण’ हे शब्द वाचले की वाळूत उमटलेली, भरतीला पुसली जाणारी पावलं डोळ्यांपुढे येतात. या शब्दाचा जन्म मात्र एका टेबलावरचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस शिकवत असत. नवा संगणक टेबलावर किती थोडी जागा अडवतो, याचं कौतुक करताना एक तंत्रज्ञ ‘फूटप्रिंट’ म्हणाला आणि रीस यांना हवा तो शब्द मिळाला. 1992 साली तो त्यांच्या निबंधात आला. त्यांचे विद्यार्थी मॅथिस वाकरनागेल यांनी हिशेबाची रीत बसवली. 1996 साली दोघांचं पुस्तक निघालं. मूळ शब्द असा अडवलेल्या जागेचा, म्हणून ‘खूण’ हे भाषांतर मला खटकतं. मोजायची असते ती आपल्या जगण्यानं अडवलेली जमीन आणि पाणी. पायाखालची जमीन म्हणा ना!

या हिशेबात सहा खाती असतात. अलिबागजवळच्या चौलला दत्ताच्या डोंगरावर उभं राहिलं की त्यातली पाच एका नजरेत येतात: वाड्या आणि भातखाचरं, गुरांची चरणी, उतारावरची झाडी, रेवदंड्याकडचा समुद्र आणि घरांची छपरं. सहावं काही दिसत नाही. आपण सोडलेला कार्बन शोषायला जेवढं रान लागेल, त्याचं ते खातं. आज जगाच्या एकूण पावलात निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच आहे.

रीस सांगतात, लहानपणी आजोबांच्या शेतावर जेवताना त्यांच्या लक्षात आलं, की ताटातला प्रत्येक पदार्थ पिकवायला आपला हात लागला आहे. चौलच्या या किनारपट्टीतल्या, म्हणजे अष्टागरातल्या, जुन्या वाडीवाल्याला हे सांगायला नको. पाटानं आलेलं पाणी माडाच्या आळ्यात जिरतं. झावळ मांडवाला, हिरांचा खराटा, सोडणं-करवंट्या चुलीत आणि चुलीतली राख पुन्हा आळ्यात. घराचं बरंचसं पाऊल कुंपणाच्या आतच.

बंदर चौलचं तसं नव्हतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिन्सखोटेन या डच प्रवाशानं इथल्या रेशमी कापडाचं वर्णन केलं. कच्चं रेशीम चीनहून यायचं. म्हणजे मागावर बसायचा चौलचा विणकर आणि किड्यांसाठी तुती वाढायची हजारो कोसांवर. अशा दूरच्या, न दिसणाऱ्या जमिनीला अन्नशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्गस्ट्रॉम यांनी 1965 साली नाव दिलं ‘भुताचे एकर’. पाऊल मोजण्याची रीत त्याच्या एक पायरी पुढे जाते: आयात मिळवायची, निर्यात वजा करायची. चौलचं कापड गोव्यात कुणी नेसलं, तर तुतीची जमीन नेसणाऱ्याच्या खाती. मला या शास्त्रातली हीच गोष्ट सर्वांत न्याय्य वाटते.

एकक आहे जागतिक हेक्टर, म्हणजे जगातल्या सरासरी कसाची हेक्टरभर जमीन किंवा पाणी. हेक्टरचे गुंठे जवळजवळ शंभर. भारतात निसर्गाची देण्याची ताकद, म्हणजे जैवक्षमता, माणशी अशा पन्नास गुंठ्यांहून कमी आणि आपला वापर शंभरांच्या वर. जगाची गत अशी, की आहेत माणशी दीडशेच्या आसपास आणि वापर अडीचशेच्या पुढे.

पण चौलची वाडी या मापात पुरती मावत नाही. बांधकामाखाली गेलेली जमीन या हिशेबात लागवडीच्या कसाचीच धरतात आणि तिची जैवक्षमता व तिचं पाऊल सारखंच मांडतात. त्यामुळे पोफळी तोडून बंगला उभा राहिला, तर त्या तुकड्यापुरती तूट शून्य. गोड्या पाण्याला तर वेगळं खातंच नाही. समुद्राकाठी विहिरीचा उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं आणि पाणी मचूळ होतं. ते आधी कळतं पोहरा वर काढून ओंजळ तोंडाला लावणाऱ्याला, मग शेंडे पिवळे पडलेल्या पोफळींना.