११,१७२ पैकी २,३५०

एका कोरियन ग्राहकासाठी नावं शोधायचा कोड वाचत होतो, त्यात मधेच ४४०३२ हा आकडा. वाटलं, कुणीतरी डोळे मिटून टाकलाय. मग कागद घेतला.

कोरियन लिपी, म्हणजे हानगुल, सुटी अक्षरं एका चौकोनात रचते. सुरुवातीची व्यंजनं १९, स्वर २१, शेवटी २७ पैकी एक व्यंजन किंवा काहीच नाही, म्हणजे २८ पर्याय. १९ × २१ × २८ = ११,१७२. युनिकोडमध्ये हे सगळे चौकोन ४४०३२पासून ओळीने बसलेत. 'हान' हवाय? ह १८, आ ०, न ४ (मोजणी शून्यापासून, आमची जुनी खोड). १८ × २१ × २८, अधिक ४, अधिक ४४०३२. झाले ५४६२०. तक्ता लागतच नाही.

राजा सेजोंगने १४४३मध्ये घडवलेल्या लिपीत २८ अक्षरं होती, आज मूळची २४ वापरात आहेत. थोडकी अक्षरं, बाकी सगळी जोडणी.

आणि १९८७च्या सरकारी मानकाने नेमकी ही जोडणीच मोडली! तक्ता ९४ × ९४ खणांचा. त्यात नेहमीच्या वापरातले म्हणून निवडलेले तयार चौकोन फक्त २,३५०. चिनी अक्षरांना मात्र ४,८८८ खण, त्यातही काही अक्षरं वेगवेगळ्या उच्चारांसाठी पुन्हा पुन्हा. प्रत्येक चौकोन व्यंजन-स्वर-व्यंजन असा पाच-पाच बिटांत साठवायची पद्धत तेव्हाही होती. तिच्यात ११,१७२ आरामात मावत. मला हा निर्णय आजही पटत नाही.

१९९०मध्ये एमबीसी वाहिनीवर 'त्तोमबांग काखा' नावाची मालिका आली. तिच्या नावातला पहिलाच चौकोन, 'त्तोम', त्या २,३५०मध्ये नव्हता. टीव्हीवर गाजणारं नाव, आणि मानक पाळणाऱ्या संगणकावर ते लिहिता येईना. 

आपल्या 'ज्ञ'लाही युनिकोडमध्ये स्वतःचा खण नाही, पण ज, हलन्त आणि ञ जोडून तो बनतो. कोरियन लोकांना तीही सोय नव्हती. यादीत नाही म्हणजे नाही.

१९९६मध्ये युनिकोड २.०ने सगळे ११,१७२ नव्या जागी मांडले. आधीच्या आवृत्तीतले ६,६५६ उचलून हलवावे लागले, त्यामुळे जुना मजकूर नव्या तक्त्यात चुकीचा वाचला जाई. एकदा दिलेली जागा पुन्हा हलवायची नाही, हा नियम त्यानंतरचा.

त्या रात्री मी 'त्तोम'चाही हिशेब केला. त्त ४, ओ ८, म १६. आकडा ४६६२४. तो कोडमध्ये टाकून आलेला चौकोन स्वतःलाच मेसेज केला. फोनवर नीट उमटला.